वहीत नसलेली गोळी

९ मार्च, रविवार

आज वर्गाला ह्यांचा जुना सदरा घालून गेले. ब्लाउज अंगाला लागला की उजव्या बरगडीपासून पाठीपर्यंत आग होते. नागीण होऊन पाच महिने झाले. फोड गेले, खपल्या पडल्या, डाग राहिले. दुखणं मात्र मुक्काम ठोकून आहे.

विहारात नऊ पोरं आली. घरी मराठी बोलतात, पण पुस्तक पुढं ठेवलं की अडखळतात. मोबाइलवर मराठी लिहितात तीसुद्धा इंग्रजी अक्षरांत. बुद्धपौर्णिमेला प्रत्येकानं एकेक पान सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं, असं ठरवलं. दोन महिने आहेत, सहज होईल, म्हणाले मी.

फळ्यावर शब्द लिहिताना ‘पाणवठा’ आठवेना. खडू हातात धरून उभी राहिले. चौतीस वर्षं मराठी शिकवलं आणि पाणवठा आठवेना. पोरं गप्प बसली होती. त्यांनी हसायला हवं होतं.


१० मार्च, सोमवार

हिमायतनगरला नसांच्या डॉक्टरीणबाईंकडे. तेलुगू आहेत, आमच्या लेकीच्या, सुजाताच्या वयाच्या, बोलतात हिंदीत. दहापैकी किती दुखतं विचारतात. सात, म्हणाले. जास्त मार्क मिळाल्याचं वाईट वाटायची ही आयुष्यातली पहिलीच वेळ.

शब्द हरवतात ते सांगितलं. त्या म्हणाल्या, आत्ताचं औषध दोनदा वाढवलं, आता आणखी वाढवलं तर दुखणं कमी होईल पण तुम्ही दिवसभर पेंगाल. म्हणून हे कमी करायचं आणि जोडीला दुसरं अगदी थोडं द्यायचं. दोन्ही एकाच कॅप्सूलमध्ये असतात. दुसरं औषध मुळात उदासीचं, हे ऐकून मी फणकारले. मला काय वेड लागलंय? त्या हसल्या. इतक्या कमी डोसात ते नसांवर काम करतं म्हणे.

आधी हृदयाची पट्टी आणि किडनीचं रक्त तपासायचं. किडनी मंद असेल तर औषध अंगात साचतं. मग सूचना. रात्रीच्या जेवणानंतर घ्यायची. सकाळी झटकन उठायचं नाही. मनानं बंद करायची नाही. आणि वर काही घालायचं नाही, झोपेचं नाही, खोकल्याचं नाही, कुणाचं काही नाही, आधी मला विचारायचं. हे शेवटचं त्यांनी तीन वेळा सांगितलं. मी मास्तरीण आहे. तीन वेळा का सांगावं लागतं ते मला माहीत आहे.

हे शेजारी बसून सगळं टिपून घेत होते. वहीत.


१३ मार्च, गुरुवार

रिपोर्ट ठीक. आज नवी कॅप्सूल सुरू. लाल-पांढरी.

ह्यांनी वहीचं रजिस्टर केलंय. लांबोडकं, पट्टीनं रेघा मारून. तारीख, वेळ, गोळी, नंबर, सही. नंबर कसला विचारलं तर तासभर ऐकावं लागलं. हे सगळी नोकरी स्टेशनमास्तर. दोन स्टेशनांमधल्या रुळावर एका वेळी एकच गाडी. पुढच्या स्टेशनच्या मास्तरानं फोनवर एक गुप्त नंबर दिला म्हणजे रूळ मोकळा. तो नंबर वहीत चढवल्याशिवाय मागच्यानं गाडी सोडायची नाही. तसंच आता गोळीचं. साडेआठला हे मला मनातला एक आकडा सांगणार, मी तो माझ्या हातानं लिहिणार, सही करणार, मग गोळी हातावर.

“छत्तीस वर्षांत एका रुळावर दोन गाड्या आल्या नाहीत माझ्या,” म्हणाले. “तुझ्या पोटात कशा येऊ देईन?”

आज नंबर ४७. सही केली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांवर सह्या केल्या, त्याची ही फेड.


१७ मार्च, सोमवार

तोंडाला कोरड. सकाळी उठताना घर थोडं फिरतं. हे मला पलंगाच्या काठावर बसवून तीस आकडे मोजायला लावतात, मग म्हणतात, सिग्नल दिला, नीघ.

हसू येतं, पण बरं वाटतं. ह्यांना रिटायर झाल्यापासून काम नव्हतं. खिडकीत बसून काचीगुडा स्टेशनच्या गाड्या घड्याळाशी ताडून पाहणं एवढंच.


२३ मार्च, रविवार

सहा.

दुपारी लसूण सोलताना ‘पाणवठा’ आपोआप आला. मोठ्यानं म्हणाले. हे बाहेरून म्हणाले, काय हवंय? काही नको म्हटलं.


३१ मार्च, सोमवार

ईद. शेजारच्या शमीम आपाकडून शीरखुर्म्याचा डबा. वीस वर्षं आमचा एकच जिना, आणि डबा रिकामा परत करायचा नाही हा तिचाही नेम आणि माझाही. कधी नुसती मूठभर चिंच असते, कधी चार लिंबं. आज शेंगदाण्याची चटणी भरून दिली.

आपाला साखर आहे, वर्षानुवर्षं तळपाय जळतात. पाय बादलीत ठेवून सिरीयल बघते. जिन्यात आम्ही दोघी आपापली आग सांगत बसतो.


८ एप्रिल, मंगळवार

डॉक्टरीणबाई. पाच मार्क सांगितले. त्या खूश. मी नाही. म्हटलं, वाढवा. त्या म्हणाल्या, इतक्यात नको. उभं राहिल्यावर तुमचं बीपी उतरतंय, वयही आहे. सातवरून पाच हे चांगलं आहे, कदाचित चारही होईल. शून्य होईल असं त्या सांगणार नाहीत.

मी शून्य मागायला गेले होते. ऑटोत ह्यांच्याशी बोलले नाही. ह्यांचा काय दोष, पण नाही बोलले.


१५ एप्रिल, मंगळवार

काल जयंती. मिरवणूक खालून गेली. मी गच्चीवरून बघितली, ह्यांचा सदरा घालून. गर्दीत कुणाचं कोपर लागलं तरी किंचाळेन म्हणून उतरले नाही. लग्न होऊन ह्या गावात आल्यापासून पहिली चुकलेली जयंती. पांढरी साडी इस्त्री करून ठेवली होती, ती तशीच घडीत.

पौर्णिमा नाही चुकवायची. पांढरी साडी, ब्लाउज, दोन तास उभं राहायचं. बस, तेवढं.

रडले थोडं. मग धुणं वाळत घातलं.


१७ एप्रिल, गुरुवार

आपाचा डबा आला. वर खट्टी दाल. खाली कागदाच्या पुडीत पाच कॅप्सूल, पिस्ता रंगाच्या. मेडिकलवाल्यानं कात्रीनं अर्धी कापलेली पट्टी, नाव पलीकडच्या अर्ध्यात गेलेलं. तिला रडल्याचं कळलं असणार, भिंत पातळ आहे.

जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, “मेरे पाँव की है. मेरे कू तो बहोत फरक पड़ा. तुम भी लेको देखो, भाईसाब कू नक्को बोलो, वो रजिस्टर निकालते बैठेंगे.”

मी हौ म्हटलं. बटणांच्या डब्यात ठेवल्या.

मला नागीण, तिला साखर. माझी लाल, तिची हिरवी. म्हणजे वेगळं औषध. असा हिशेब मी केला.


१९ एप्रिल, शनिवार

साडेआठला नंबर ६२, सही, लाल कॅप्सूल. नंतर ओटा पुसताना हिरवी. पाण्याचा आवाज होऊ नये म्हणून घोटभरच प्याले.


२० एप्रिल, रविवार

दोन! दहापैकी दोन!

ब्लाउज घातला. दीड तास वर्ग घेतला. सकाळी जरा जड होतं डोकं, पण काय बिघडतं. पोरं म्हणाली, टीचर आज साडी. मी फळ्यावर पाणवठा लिहिला आणि सगळ्यांकडून वाचून घेतला.

ह्यांनी रजिस्टरच्या शेऱ्यात लिहिलं, ‘सुधारणा.’ मला दाखवलं. चेहरा असा की पहिला नंबर ह्यांचाच आलाय.


३० एप्रिल, बुधवार

२३, २६ आणि काल २९ ला घेतली. एक उरली.

ह्यांनी विचारलं, पाय सुजलेत का गं? मी म्हटलं, उन्हाळा. ह्यांनी शेऱ्यात लिहिलं, ‘पाय सुजले. उन्हाळा?’ ते प्रश्नचिन्ह बघून चीड आली. मग चीड कशाची आली ते कळलं आणि भाजी निवडायला बसले.


३ मे, शनिवार

काल ती शेवटची घेतली. डबा परत करताना आपाला म्हटलं, आणखी आहेत का. संध्याकाळी पुन्हा पाच आल्या. हीही अर्धी पट्टी. आज लगेच एक घेतली. आता रोज घ्यावी असं वाटतं, पौर्णिमेपर्यंत. मग सोडून देईन.


४ मे, रविवार

वर्गात खुर्चीवर झोपले. किती वेळ माहीत नाही. जागी झाले तर पोरं हळू आवाजात एकमेकांचं वाचून घेत होती, मला न उठवता.

आजही घेतली.


८ मे, गुरुवार

परवा सकाळी पडले. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी. तीस आकडे मोजले नाहीत, हे दूध आणायला गेले होते आणि मला वाटलं जमेल. डावं मनगट मोडलं, कपाळाला चार टाके. उजवा हात शाबूत, म्हणून लिहिता येतंय.

आदल्या दिवशी, पाच तारखेला, लाल आणि हिरवी दोन्ही घेतली होती. सलग चौथा दिवस.

नर्सिंग होममध्ये ड्यूटीवरच्या डॉक्टरनं विचारलं, आणखी काही औषध चालू आहे का, कुणाचं घरगुती, शेजारचं. मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी रजिस्टर पुढं केलं. “साहेब, यात नाही ते तिच्या पोटात नाही.” डॉक्टरनं पानं चाळली, मान डोलावली. माझ्याकडे बघितलं. मी डोळे मिटून घेतले. कपाळ दुखतंय असं त्याला वाटलं.

तेव्हाच सांगायचं होतं. एक वाक्य होतं.


९ मे, शुक्रवार

हे सकाळपासून रजिस्टर घेऊन बसलेत. पाच तारखेच्या रकान्यात दोन नंबर आहेत. ३१ खोडून ५८. त्या संध्याकाळी ह्यांचे जुने सहकारी आले होते, दारात उभे राहून हाका मारत होते, हे बोलता बोलता आकडा चुकीचा बोलले, मी लिहिला, ह्यांनी खोडायला लावला, दुसरा दिला. गोळी एकच दिली. मला स्वच्छ आठवतं.

ह्यांना आठवत नाही. दोन नंबर म्हणजे दोन गोळ्या, असं ह्यांनी ठरवलंय. पट्टीतल्या उरलेल्या कॅप्सूल मोजाव्यात तर त्या धावपळीत ती पट्टी नर्सिंग होमलाच राहिली.

“खोडलेला नंबर माझ्या वहीत कधी नव्हता,” म्हणाले.

मी म्हटलं, एकच दिलीत. हे म्हणाले, तू मला बरं वाटावं म्हणून बोलतेस.


१२ मे, सोमवार

पौर्णिमा. मी घरीच, हात गळ्यात बांधून. हे गेले. सुजाता उप्पलहून आली होती, माझ्याजवळ थांबली.

परत आले तेव्हा म्हणाले, नऊच्या नऊ पोरांनी वाचलं. एक मुलगी जोडाक्षराला अडली, थांबली, तिनं पुन्हा मागून वाचलं, पण सोडलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला पोरांचा अभिमान वाटला, खूप.

मग सुजातानं विचारलं, आईचं कुणी विचारलं का? हे म्हणाले, सगळ्यांनी. मी सांगून टाकलं. उभं राहून सांगितलं, म्हणजे एकेकाला सांगत बसायला नको. तिला गोळी दोनदा दिली ती मी. चूक माझी.

सुजाता म्हणाली, बाबा, असं पब्लिकमध्ये कशाला बोलायचं. हे म्हणाले, लपवायचं कशाला.

मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ह्या माणसानं भर विहारात माझी चूक आपल्या अंगावर घेतली आणि त्याला ते माहीतही नाही.


१३ मे, मंगळवार

डॉक्टरीणबाई. कागद वाचले, रजिस्टर वाचलं, ह्यांचं म्हणणं ऐकलं. एका दिवशी दुप्पट गेल्यानं इतकं होणार नाही, म्हणाल्या. पाय आठवडाभर आधीच सुजले होते, पेंग होती. म्हणजे तुम्हाला हा नेहमीचा डोसही झेपत नाही. दोन औषधांची जोडी तुम्हाला मानवली नाही असंच धरावं लागेल. दुसरं औषध काढायचं. एकदम नाही, एकदम काढलं तर त्रास होतो. पायरी पायरीनं.

जोडी मला मानवली होती. मार्च-एप्रिलमध्ये मानवली होती, एकट्या लाल कॅप्सूलवर पाच मार्क होते, शब्द जागेवर होते. त्या रजिस्टरवरून बरोबर निष्कर्ष काढत होत्या. रजिस्टरच खोटं होतं, आणि ते मी खोटं केलं होतं.

“अम्मा, कुछ बोलना है?” विचारलं त्यांनी.

हे शेजारी बसले होते, मांडीवर वही धरून. नाही म्हटलं.


१८ मे, रविवार

सुजातानं प्लास्टिकची डबी आणली. सात झाकणं, वारांची इंग्रजी अक्षरं. रविवारी ती येऊन भरणार. “आई, तू टेन्शन नको घेऊ, मी सगळं सेट करते. आणि बाबांना नको ना आता हे.” समजूतदारपणे बोलली. तेच लागलं.

दोघं उप्पलला माझ्याकडे राहायला चला, हे तिनं पुन्हा काढलं. दर वर्षी काढते आणि हे दर वर्षी म्हणतात, गाडीचा आवाज ऐकल्याशिवाय मला झोप येत नाही. आज म्हणाले, “चालेल. माझा भरवसा राहिला नाही.”

रजिस्टर कपाटावर गेलं. खिडकीतली खुर्ची आत ओढून घेतली ह्यांनी. चार पंचवीसची गाडी गेली तरी घड्याळ बघितलं नाही.


२० मे, मंगळवार

सहा. दुसरं औषध कमी झाल्यापासून पुन्हा चढतंय. सदरा.


२२ मे, गुरुवार

आपाकडे गेले. हे भाजीला गेले होते. म्हटलं, तुझ्या कॅप्सूलची आख्खी पट्टी दाखव, खोका दाखव. तिनं आणला. चष्मा लावून बारीक इंग्रजी अक्षरं वाचली, माझ्या कागदाशी एकेक अक्षर लावून, पोरांना लावायला सांगते तशी. कंपनी वेगळी, नाव वेगळं, रंग वेगळा. आत तीच दोन औषधं. पहिलं तर माझ्या दुप्पट.

म्हणजे त्या दिवशी पहिलं औषध माझ्या पोटात तीन कॅप्सूलइतकं गेलं होतं. एका रुळावर तीन गाड्या.

मी रंग वाचला, नाव वाचलंच नाही. पोरांना वर्षभर हेच ओरडते, चित्र बघून अंदाज मारू नका, अक्षर वाचा.

आपा खाली बसली. तिला पडल्याचं माहीत होतं, कशानं ते नाही. “मैं तुमकू गिराई क्या, वत्सला?” दोनदा विचारलं. मी म्हटलं, तू प्रेमानं दिलीस, घेतली मी, तीही चोरून. ती म्हणाली, भाईसाब कू अभी जाको बोलती मैं. मी हात धरला. म्हटलं, नको. हे माझं आहे.

निघताना तिनं सांगितलं, तिलाही सकाळी चक्कर येते, आणि कुणी सांगितलं म्हणून झोपेची अर्धी गोळीही घेते. तुझ्या डॉक्टरला हे माहीत आहे का विचारलं. तिनं पदर सारखा केला. उद्याच जाऊन सांगायचं, असं तिच्याकडून वदवून घेतलं. दुसऱ्याला सांगायला मला किती सोपं जातं.


२६ मे, सोमवार

चार दिवस डबा आला नाही. आमचाच डबा तिच्याकडे आहे. रिकामा परत करता येत नाही आणि काय भरावं कळत नाही, असं झालं असेल तिचं.


२८ मे, बुधवार

आठ.

सदराही नको वाटतो. वारा लागला तरी. पंखा बंद करून बसले तर हे पुठ्ठ्यानं पायांकडून वारा घालत होते, पाठीला लागू नये असा. घाम माझ्यापेक्षा ह्यांनाच.

म्हटलं, सांगू का एक? हे म्हणाले, सांग. मी म्हटलं, डाळ संपलीय.

सुजाताचा फोन. जूनअखेर घर सोडायचं, मालकाला कळवायला हवं, म्हणाली. हे हौ हौ म्हणत होते.


३० मे, शुक्रवार

पाणी गार हवं तर ‘मडक्यातलं’ हा शब्द सापडेना. दुखण्यानंही शब्द जातात, नुसत्या औषधानं नाही. म्हणजे हाही हिशेब माझा अर्धाच होता.

का सांगत नाही मी? हे रागावतील म्हणून नाही. हे रागावतच नाहीत. हे म्हणतील, बरं झालं सांगितलंस, आणि मग गप्प बसतील, आणि विहारातलं ह्यांना आठवेल. सगळ्यांसमोर. मला ते बघायचं नाही. एवढंच आहे. म्हणजे मी माझ्याच सोयीनं गप्प आहे आणि नाव ह्यांच्या मनाचं घेते.

मंगळवारी, तीन तारखेला, डॉक्टरीणबाईंकडे जायचंय. दुसरं औषध अगदी बंद करायचं की नाही ते तेव्हा ठरणार. त्यांना खरं कळलं तर जोडी परत मिळू शकते, थोडी थोडी, मार्चसारखी. न कळलं तर मी आठवर राहणार, आणि हे उप्पलच्या नवव्या मजल्यावर, जिथून एकही गाडी दिसत नाही.

त्या खोलीत हे माझ्या शेजारी असणार. ह्यांनी ते तिथं, परक्या माणसासमोर पहिल्यांदा ऐकावं, हे नाही चालायचं.


१ जून, रविवार

वर्ग सुट्टीवर. सकाळी आपाचा डबा आला. आत तिच्या डॉक्टरनं नव्यानं लिहून दिलेला कागद, झोपेची गोळी काट मारून बंद, आणि वर दोन आंबे. कागद मला वाचायला पाठवलाय. अक्षर वाईट आहे, पण वाचला.

हे खाली गेले तेव्हा मी स्टूलवर चढले नाही, बांबूनं ढोसून कपाटावरचं रजिस्टर खाली पाडलं. एका हातानं धूळ पुसली. पाच मेनंतर पान कोरं. शेवटच्या ओळीत खोडलेला ३१ आणि त्याशेजारी ह्यांच्या हातचं लहानसं प्रश्नचिन्ह, नंतर घातलेलं.

ह्या रोजनिशीतून तारखा काढल्या. रजिस्टरमध्ये त्या त्या तारखेच्या ओळीखाली लाल शाईनं लिहिलं. १९, २३, २६, २९ एप्रिल. २, ३, ४, ५ मे. हिरवी कॅप्सूल, शेजारची, आठ वेळा. नंबरच्या रकान्यात काय लिहावं कळेना. मग लिहिलं, ‘न मागता घेतली.’ आठही ठिकाणी सही केली. पूर्ण सही, वत्सला सकट, पगारपत्रकावर करायचे तशी.

पाच मेच्या ३१ शेजारी लिहिलं, ‘आकडा बोलताना चुकला. गोळी एकच दिली. मी साक्षी आहे.’ ह्यांचं प्रश्नचिन्ह खोडलं.

वाचून बघितलं. शुद्धलेखनाची चूक नाही.

हे वर आलेत. चपला काढल्या, पाणी प्यायले. टेबलावर रजिस्टर उघडं बघून थांबले. हात लावला नाही, नुसते वाकून बघताहेत. लाल शाई दिसली असणार, अक्षर दिसत नसणार.

“चष्मा कुठं ठेवलास माझा?” विचारताहेत.

माझ्या मांडीवर आहे. मघाशी काच पुसायला घेतला होता. हे लिहिते आहे तोवर ह्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. उठते. तीस मोजून.